गरोदरपणातील मारहाण आणि उपकेंद्रातील परिचारिका

मा. संपादक,

गरोदर स्त्रीलाही घरात मारहाण होते, हे मान्य करायला आपण तयार नसलो, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील सुमारे ३ टक्के स्त्रियांनी गरोदरपणी मार खाल्ल्याचे सांगितले आहे, आणि न सांगणाऱ्यांचा हिशेब त्यात नाही. पोटावर मार बसल्यास गर्भाशयातील वार (प्लासेंटा) सुटून रक्तस्राव होऊ शकतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मू शकते.

खान्देशात याची खूण अनेकदा प्रथम दिसते ती उपकेंद्रातील परिचारिकेला: रक्तदाबाचा पट्टा बांधण्यासाठी बाही वर सारली की दंडावर काळेनिळे वळ असतात आणि ‘पाय घसरला’ एवढेच उत्तर मिळते. सासू शेजारी बसलेली असताना दुसरे काय मिळणार? तिच्यासमोर विचारण्यापेक्षा न विचारलेले बरे. तपासणी पडद्याआड, एकटीची व्हावी आणि प्रश्न अहिराणीत किंवा पावरीत, तिच्याच बोलीत विचारला जावा. उत्तराची नोंद मात्र माता-बाल संरक्षण कार्डावर नको, कारण ते घरी कोणाच्याही हाती पडते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी दिले आहेत, १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे; पण नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला तिथवर पोहोचवणार कोण? जळगाव, धुळे व नंदुरबारच्या जिल्हा परिषदांनी परिचारिका, आशा आणि गावच्या दाईंना याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. नुसते परिपत्रक काढून त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादू नये.

– एक निवृत्त परिचारिका, चाळीसगाव