रद्दीत गेलेली रोजनिशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीनंतर खटाव तालुक्यातले आमचे जुने घर उतरवायला घेतले. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, शेतसाऱ्याच्या पावत्यांखाली, तळहाताएवढी एक वही निघाली. आत सगळी मोडी. घरात कोणालाच ती वाचता येईना. सावकाराचा जुना हिशेब असेल असे समजून ती रद्दीच्या ढिगावर गेलीसुद्धा होती. एका पानावर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आजोबांचा पलटणीतला नंबर दिसला, म्हणून हात थांबला.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत साधे शिपाई होते. पदक नाही, बढती नाही. ही पलटण १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत होती. डोंगरांवर इटालियन फौज ठाण मांडून बसलेली, खाली उन्हाने तापलेली दरी, आणि पाण्याचा थेंबन्‌थेंब खालून वर वाहून न्यायचा. २७ मार्चला केरेन पडले. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी वही वाचून दाखवली, तेव्हा त्या तारखेची मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. त्या पानावर विजयाचा शब्द नाही. पोटभर पाणी मिळाले, एवढीच नोंद.

बाकी पानांवर मनीऑर्डरींचे आकडे, कोणाकडून उसने घेतलेले आठ आणे, पत्र आले की नाही याची रोजची खूण. माझी आत्या त्याच वर्षी शिमग्याच्या तोंडावर जन्मली. ती बातमी आजोबांना महिना उलटून गेल्यावर कळली आणि त्या दिवशी त्यांनी सोबत्यांना साखर वाटली, तिचा खर्च मांडलेला आहे. आत्या आता ८५ वर्षांची आहे. मुलगी झाली म्हणून वडील नाराज होते, असेच ती आयुष्यभर ऐकत आली होती. ते पान तिने दोनदा वाचून घेतले आणि मग बराच वेळ वही मांडीवर धरून बसली.

लढाईच्या आघाडीवर रोजनिशी ठेवायला फौजेत मनाई असे. ती शत्रूच्या हाती लागली तर माहिती फुटेल, म्हणून. त्यातच लिहिता येणारे शिपाई थोडे. अशा वह्या मुळातच कमी आहेत. त्या काळच्या हिंदुस्थानी सैनिकांच्या पत्रांतले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ते पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉरच्या अहवालांत, इंग्रजी तर्जुम्यात. आपल्या माणसाचे बोलणे त्याच्याच भाषेत कुठे उरले असेल, तर ते अशाच एखाद्या ट्रंकेत. याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजवलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्यांच्यासारख्यांच्या शेजारी उभे असलेल्या शेकडोंची आठवण सांगायला फक्त कागद आहे.

आणि तो कागद आपणच घालवतो. माझ्याकडूनही चूक झाली. वहीवरची धूळ काढताना मी ओला फडका लावला. मजकूर त्या काळच्या पेन्सिलीचा होता. कोरडी असताना करडी दिसणारी, ओल लागली की जांभळी होऊन पसरणारी. सहा पाने गेली. आता ती कोणालाच वाचता येणार नाहीत. नंतर एका दुकानदाराने सगळी पाने लॅमिनेट करून द्यायची तयारी दाखवली. सुदैवाने आधी विचारले. लॅमिनेशनमध्ये कागद तापवून प्लॅस्टिकला चिकटतो आणि पुन्हा सुटा करता येत नाही. चिकटपट्टीनेही कागद पिवळा पडतो. आम्ही प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचासुद्धा, दिवसाच्या उजेडात फोटो काढला, गंजलेल्या पिना जपून काढल्या आणि वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवली.

माझी मागणी साधी आहे. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते. दोघांनी मिळून खटाव, माण, कोरेगाव, माणगाव, चंदगड अशा तालुक्यांत एकेक दिवस बसावे. लोकांनी वह्या, पत्रे आणावीत, तिथेच त्यांचे फोटो काढावेत आणि मूळ कागद त्याच दिवशी घरच्यांच्या हाती परत द्यावेत. हे परत देणे महत्त्वाचे आहे. सरकारजमा होईल या भीतीने माणसे ट्रंक उघडतच नाहीत. मी स्वतः उघडली नसती.

तोवर आपल्या दैनिकाने जिल्ह्यातल्या मोडी वाचकांची यादी, त्यांच्या संमतीने, एकदा छापावी ही विनंती. आमच्याकडे वही वाचायला आले त्यांचे वय ७९ आहे.

आपला,
एक वाचक, वडूज (जि. सातारा)