यशोगाथेतले सर्व्हिस सेंटर कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर झाडणाऱ्या रोबोंच्या कंपन्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. कौतुकात कसर म्हणून ठेवलेली नाही. २०१४ साली निघालेली चिनी कंपनी रोबोरॉक २०२० मध्ये शांघायच्या शेअर बाजारात पोचली, तिथलीच इकोवॅक्स कुठल्या कुठे गेली, सगळे आले. फक्त २००२ मध्ये रूम्बा नावाचा रोबो काढून ज्या अमेरिकी आयरोबोट कंपनीने हे यंत्र घराघरांत नेले, तिचे पुढे काय झाले यावर एक ओळ नाही. ॲमेझॉन २०२२ मध्ये तिला १.७ अब्ज डॉलरना घेणार होती. युरोपातल्या नियामकांनी हरकत घेतली, जानेवारी २०२४ मध्ये सौदा फिसकटला आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ताबा घ्यायला पुढे कोण आले, तर तिचीच यंत्रे बनवून देणारी चिनी कंपनी! एवढी रंगतदार गोष्ट लेखक महाशयांना दिसली नाही.

असो. माझे दुखणे वेगळे आहे.

चवथीच्या आधी मुलाने दुबईहून पैसे पाठवले, म्हणून पणजीतल्या एका मोठ्या दुकानातून असले यंत्र घेतले. "बाय, हें सगळें आपशींच करता," म्हणजे सगळे आपोआप करते, असे दुकानातला मुलगा म्हणाला होता. आमचे घर जुने. सोप्यावर पांढऱ्या लाद्या आणि कडेने काळ्या लाद्यांचा पट्टा. यंत्र त्या पट्ट्यापाशी आले की घाबरून मागे फिरे. पोटाखालच्या सेन्सरचा प्रकाश काळ्या रंगावरून नीट परत येत नाही, म्हणून यंत्राला तिथे जिना आहे असे वाटते, हे नातवाने मोबाईलवर शोधून सांगितले. केर तर कडेलाच साठतो! तो मी केरसुणीने काढायचा आणि मधला, जिथे केर नसतोच, तो यंत्राने.

तेही चालवून घेतले. मग ते चार्ज होईना. हेल्पलाइनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, गोव्यात आमचे केंद्र नाही, बेंगळुरूला कुरियर करा. कुरियरवाला म्हणाला, आत लिथियमची बॅटरी आहे, आम्ही घेत नाही. पुन्हा हेल्पलाइन. बॅटरी काढून पाठवू का? नको मॅडम, उघडलेत तर वॉरंटी जाईल. दुसऱ्या कुरियरवाल्याने तोडगा सुचवला: फॉर्मवर 'खेळणी' लिहा. मी निवृत्त शिक्षिका आहे, खोटे लिहिणार नाही, असे सांगितल्यावर तो हसला. वॉरंटीची मुदत मात्र बिनबोभाट संपत चालली आहे.

विकलेला माल हे यश. विकल्यानंतर बंद पडलेला माल कोणाच्या खात्यात धरतात, हे आपल्या लेखकांनी विचारायला हवे होते. फ्रिज आणि टीव्ही दुरुस्त करणारा माणूस निदान म्हापशात-मडगावात सापडतो. ज्या राज्यात माल विकता तिथे दुरुस्तीची सोय ठेवा, असा नियम करायला कोणाच्या बापाचे काय जाते? आणि आयरोबोटसारखी कंपनी बुडाली, तर ज्या ॲपवर ही यंत्रे चालतात ते कोण सांभाळणार, हाही प्रश्न आहेच. लेखाखाली याच यंत्रांची पाव पान जाहिरात होती, त्यामुळे हे प्रश्न जागेअभावी राहिले असावेत.

जाता जाता. लेखात 'भारतीय घरांतील धूळ' यावर मोठा परिच्छेद आहे. आमच्या घरातली धूळ कुठून येते ते मी सांगते. वाड्यावरचा रस्ता पाइप घालण्यासाठी खोदला, पाइप घातला आणि तांबडी माती तशीच टाकून माणसे गेली. प्रत्येक टेम्पोबरोबर ती माती आमच्या देव्हाऱ्यापर्यंत येते. पंचायतीला अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, रस्ता नाही. आपला छायाचित्रकार एकदा इकडे पाठवावा ही विनंती. पावसाच्या आधी पाठवावा, नंतर तिथे चिखल असतो आणि धुळीचा फोटो मिळणार नाही.

आपली,
एक वाचक, डिचोली
(नाव छापू नये. कुरियरवाला ओळखीचा आहे.)