मनू, मंगळवारच्या आधी वाच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाहीये, म्हणते पोरीवर ओरडायची काय गरज होती. मी ओरडलो नाही, आवाजच तसा आहे, निम्मी नोकरी पुकारा करण्यात गेली त्याला मी काय करू. म्हणून आता टाइप करतोय. आणि मंगळवारी त्या इमिग्रेशन कोर्टात जाऊ नकोस, हे परत सांगणार नाहीये. तू कमावती आहेस, कुठे जायचं ते तुझं तू ठरव.

फक्त एवढंच की तू एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस. तुझ्याबरोबर तिथे तारखेला येणाऱ्या परदेशी लोकांना सोबत करायला येणारे बाकीचे तिथले सिटिझन, रिटायर्ड मास्तरीण, चर्चमधल्या बायका. त्यांना धरलं तर संध्याकाळी घरी. तुझं काय? जून 2025 मध्ये ब्रॅड लँडर, न्यूयॉर्क शहराचा तेव्हाचा कंट्रोलर, म्हणजे हिशेब तपासणारा, निवडून आलेला माणूस, त्याला 26 फेडरल प्लाझात, तू जातेस त्याच इमारतीत, बेड्या घातल्या, का तर एका माणसाचा हात धरून चालला होता आणि जजचं वॉरंट दाखवा म्हणत होता. तो काही तासांत सुटला. त्याच्या पाठीशी अख्खं शहर होतं, तुझ्या पाठीशी बार्शीतला एक रिटायर्ड बेलीफ.

तू जे सांगितलंस ते मला आधी खरंच वाटलं नव्हतं. सरकारी वकील स्वतः उठून म्हणतो केस काढून टाका, समोरच्याला वाटतं सुटलो एकदाचा, आणि दाराबाहेर तोंड झाकलेले इमिग्रेशनचे लोक उभेच. केस गेली की जजपुढे म्हणणं मांडायचं राहिलंच नाही, दोन वर्षांच्या आत आलेला असेल तर 2025 मध्ये सुनावणीशिवाय परत पाठवायला लागले. आणि भीतीने तारखेला गेलाच नाही तर गैरहजेरीत हुकूम. इकडे आड तिकडे विहीर. शिवाय ते कोर्ट म्हणजे न्याय खात्याचंच ऑफिस, जजसुद्धा सरकारचाच नोकर, हे ऐकून मी आमच्या कोर्टातल्या नाझरसाहेबांना मुद्दाम फोन केला, तेही म्हणाले असं कसं असेल हो.

आईचं म्हणणं एकच, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला ही म्हण कधीच आवडली नाही, आपलं घर त्या पायरीवरच चाललं. पण फेब्रुवारी 2025 मध्ये अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं, 104 जण, त्यात तिघं आपल्या महाराष्ट्रातले, हातापायात साखळ्या, ते टीव्हीवर पाहिल्यापासून ती तुझं नाव निघालं की भगवंताच्या देवळाकडे बघून हात जोडते. तुझे कागद चोख आहेत हे तिला सांगून उपयोग नाही. आणि खरं सांगू का, मला तरी कुठे खात्री आहे.

तू फोनवर जे बोललीस ना, "बाबा, आवारातला तो माणूस विसरलात का", त्याने मी गप्प झालो. विसरलो नाही. तू तिसरीत असशील, शाळा अर्धी होती म्हणून माझ्यासोबत कोर्टात आली होतीस, कँटीनचा वडा खात होतीस. कर्जवसुलीच्या दरखास्तीतलं अटक वॉरंट माझ्या खिशात, सावकाराच्या माणसाने तुरुंगातल्या जेवणाचा भत्ता भरलेला, आणि ऋणको दुसऱ्याच दाव्याच्या तारखेला आलेला, समोर लिंबाखाली बसलेला. सावकाराचा माणूस म्हणाला घ्या की आता, आयता सापडलाय. मी म्हटलं सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 135, कोर्टात येताना, कोर्टात असताना आणि घरी परत जाताना दिवाणी वॉरंटवर पक्षकाराला धरता येत नाही, त्याच्या गावात जाऊन धरीन. माझी फार शूरपणाची गोष्ट नव्हती ती, कायदाच तसा होता, 1908 पासून आहे. नाहीतर कोर्टात येईल कोण? तू मात्र ती गोष्ट सुमामावशीपासून सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगत सुटलीस.

तुमच्या न्यूयॉर्क राज्यानेही 2020 मध्ये तसाच कायदा केलाय, मी वाचलं, पण तो राज्याच्या कोर्टांपुरता, फेडरल प्लाझाला लागू नाही. म्हणजे तिथे 135 नाही मनू. त्यांच्या वॉरंटवर खात्यातल्याच अधिकाऱ्याची सही चालते. मिलवॉकीत तर एप्रिल 2025 मध्ये जजबाईलाच अटक केली, पक्षकाराला ज्युरीच्या दाराने बाहेर काढलं म्हणून, त्याच डिसेंबरात ज्युरीने दोषीसुद्धा धरलं. जजला! मी बातमी दोनदा वाचली.

बघ, म्हटलं होतं परत तेच सांगणार नाही. सॉरी. तू म्हणतेस मी फक्त शेजारी बसते, नातेवाइकांचा नंबर लिहून घेते, बाईचं मूल सांभाळते. बस ना. कोणी नसतं तेव्हा शेजारी कोणी बसलं की माणसाला किती बरं वाटतं ते मी रोज पाहिलंय. नाझरसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा जरा जास्तच सांगितलं असं आई म्हणते. पण कॉरिडॉरमध्ये कोणाचा हात धरू नकोस. मूल कडेवर घेऊन मध्ये उभी राहू नकोस. ते लोक आले की भिंतीला लाग, नाव लिहून घे, वाद घालू नकोस, तुझा स्वभाव मला माहितीय, वाड्याच्या केसमध्ये काकांशी कशी भांडली होतीस. व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते ग.

यावेळी एक मंगळवार नाही गेलीस तर चालणार नाही का? नको, सोड, याचं उत्तर देऊ नकोस.

सुमामावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, तिला फोन कर, ती वाट बघते. आईने शेंगाचटणी केलीय, जोशांचा मुलगा येईल त्याच्याबरोबर पाठवतो. व्हिसा मंजुरीचा आय-797 आणि प्रवेशाच्या नोंदीचा आय-94, दोन्हींच्या झेरॉक्स पर्समध्ये ठेव, पासपोर्टचे फोटो मला व्हॉट्सॲप कर. मंगळवारी तुझी सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, बिल्डिंगमधून बाहेर पडलीस की मिस्ड कॉल दे. आणि तुमच्यासोबत जो वकील असतो त्याचं नाव-नंबर आजच पाठव, बाकी मी काही विचारत नाही.

तुझे,
बाबा