रूट करताना बूट फाइल स्वतःच्याच फोनची हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत स्वस्त स्मार्टफोन रूट करण्याची, म्हणजे त्याचे सर्वोच्च अधिकार मिळवण्याची, कृती छापून आली. हा विषय मराठीत आला याचा आनंद आहे. पण त्यातील तीन सल्ल्यांनी वाचकाचा चालता फोन बंद पडू शकतो: एका क्लिकमध्ये रूट देणारे अ‍ॅप वापरा, त्याच मॉडेलसाठी कुणी तयार करून ठेवलेली बूट फाइल (फोन सुरू होताना लागणारी फाइल) टाका, आणि काम झाल्यावर सुरक्षेसाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) पुन्हा लॉक करा. यांतला तिसरा सल्ला सर्वांत घातक आहे. म्हणून हे पत्र लांबले तरी सविस्तर लिहीत आहे. आज्ञा संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. इथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.

आधी एक घोळ दूर करायला हवा. बूटलोडर अनलॉक करणे, रूट करणे आणि कस्टम रॉम टाकणे ही तीन वेगळी कामे आहेत. बूटलोडर अनलॉक म्हणजे कंपनीची डिजिटल सही नसलेली फाइलही सुरू होताना स्वीकारायला फोनला सांगणे. कस्टम रॉम म्हणजे पूर्ण प्रणालीच बदलणे. आणि रूट म्हणजे अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्समध्ये शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याचे अधिकार मिळवणे. एरवी आपण टाकलेल्या प्रत्येक अ‍ॅपला १०००० पासून पुढचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे एका अ‍ॅपला दुसऱ्याचा डेटा उघडता येत नाही. रूटची परवानगी ज्या अ‍ॅपला दिली त्याच्यासाठी ही भिंत उरत नाही. अपडेट बंद झालेला जुना फोन लिनिएजओएस ही कस्टम रॉम टाकून वापरात ठेवायचा असेल, तर अनलॉक लागते, रूट लागत नाही. हे कळले तरी निम्म्या लोकांचा खटाटोप वाचेल.

फोन रखडतो म्हणून रूट करणाऱ्यांची निराशाच होते. स्वस्त फोनमध्ये बहुधा ईएमएमसी प्रकारची स्टोरेज चिप असते. तिला एका वेळी वाचणे किंवा लिहिणे यांपैकी एकच जमते. महागड्या फोनमधली यूएफएस दोन्ही एकदम करते. शिवाय जागा भरत आली की लिहिण्यापूर्वी जुने ब्लॉक पुसून जागा करण्यातच चिपचा वेळ जातो. जोडीला ३ किंवा ४ जीबी रॅम. रूट यातले काहीच बदलत नाही. दुखणे स्टोरेजचे आणि उपचार परवानगीचा, असा तो प्रकार होतो.

नको असलेली अ‍ॅप काढायची, एवढाच हेतू असेल तर रूटची गरज नाही. गूगलचा प्लॅटफॉर्म टूल्स हा संच (त्यात संगणकावरून फोनला आज्ञा देणारी एडीबी आणि फास्टबूट ही साधने असतात) संगणकावर उतरवावा. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करावे. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. 'एडीबी डिव्हाइसेस' ही आज्ञा दिल्यावर फोनच्या नावापुढे 'अनऑथोराइज्ड' दिसले तर फोनच्या पडद्यावर आलेली परवानगी द्यायची राहिली आहे. मग 'एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस' ने सगळ्या अ‍ॅपची पॅकेज नावे मिळतात आणि 'एडीबी शेल पीएम डिसेबल-यूजर --यूजर ०' च्या पुढे पॅकेजचे नाव दिले की ते अ‍ॅप झोपते. परत हवे असेल तर 'पीएम इनेबल' आहेच. काही फोन हे डिसेबल करू देत नाहीत. तिथे 'पीएम अनइन्स्टॉल -के --यूजर ०' चालते, आणि परत आणायला 'सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग'. अ‍ॅपची मूळ प्रत सिस्टिम विभागात तशीच राहते, त्यामुळे ती जागा मोकळी होत नाही. पण मागे चालणे, रॅम खाणे आणि जाहिराती टाकणे थांबते. लाँचर, सिस्टिम यूआय आणि फोन या पॅकेजना हात लावू नये. काही कंपन्यांचे सिक्युरिटी अ‍ॅप काढले की फोन लोगोवरच अडकतो, म्हणून एका वेळी दोन-तीन पॅकेजच बंद करावीत आणि फोन रीस्टार्ट करून पाहावा. राहिल्या जाहिराती: अँड्रॉइड ९ पासून नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचे नाव टाकले की बऱ्याच अ‍ॅपमधल्या जाहिराती रूटशिवाय थांबतात.

तरीही रूट करण्यासारखी कारणे आहेत. अ‍ॅपचा डेटासकट पूर्ण बॅकअप, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणे, कोणते अ‍ॅप इंटरनेटला जोडेल हे ठरवणारी फायरवॉल. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर एवढा अधिकार मागणे मला पूर्ण रास्त वाटते. फक्त तो नीट मिळवावा.

एका क्लिकच्या अ‍ॅपविषयी. ती अ‍ॅप कर्नलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, सुरक्षेच्या छिद्रातून आत शिरतात. २०१४ चे टॉवेलरूट हे अ‍ॅप कर्नलच्या फ्यूटेक्स या भागातल्या दोषावर चालले. २०१६ मध्ये डर्टी काऊ हा दोष उघड झाला. मीडियाटेक चिपच्या अनेक फोनमध्ये चालणारे छिद्र गूगलने मार्च २०२० च्या सुरक्षा अपडेटमध्ये बुजवले. आपल्या फोनच्या सिक्युरिटी पॅचची तारीख त्यानंतरची असेल, तर या जुन्या वाटा बंद आहेत आणि 'एका क्लिकमध्ये रूट' म्हणणारे अ‍ॅप त्या वाटांनी काहीच करू शकत नाही. तारीख त्याआधीची असेल तर ते यशस्वी होईलही, पण मग फोनचे सर्वोच्च अधिकार आधी त्या अनोळखी अ‍ॅपच्या हातात जातात, तुमच्या नंतर. असे अ‍ॅप वापरूच नये.

खरा मार्ग बूटलोडरमधून जातो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू करावे. तो पर्यायच नसेल किंवा फिका असेल, तर त्या फोनचा अधिकृत मार्ग कंपनीने बंद ठेवला आहे असे समजावे. काही फोनमध्ये तो इंटरनेटला जोडल्यावर काही दिवसांनी खुला होतो. शाओमीच्या फोनला खाते जोडून कंपनीचे स्वतःचे साधन वापरावे लागते आणि १६८ तास वाट पाहावी लागल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही, तिथे डाउनलोड मोड आणि ओडिन हे संगणकावरचे साधन. शिवाय सही नसलेली फाइल टाकली की नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा ई-फ्यूज (चिपमधली एकदाच उडणारी खूण) कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डर पुन्हा कधीच चालत नाही. बाकी बहुतेक फोनमध्ये 'एडीबी रीबूट बूटलोडर' आणि मग 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक'. व्हॉल्यूमच्या बटणाने होकार दिला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम केलेले आहे: चोरलेला फोन अनलॉक करून कुणाला आतले फोटो वाचता येऊ नयेत. म्हणून बॅकअप आधी घ्यावा, बॅटरी निम्म्याहून जास्त असावी. त्यानंतर दर वेळी फोन सुरू होताना 'ऑरेंज स्टेट' किंवा तशी सूचना काही सेकंद दिसते. तो बिघाड नाही.

आता बूट फाइल. रूटसाठी आज सर्वाधिक वापरले जाते ते मॅजिस्क. त्याची अधिकृत जागा फक्त गिटहबवर आहे, त्या नावाच्या बाकी संकेतस्थळांवरून काही उतरवू नये. मॅजिस्क सिस्टिम विभागाला हात लावत नाही, बूट इमेजमध्ये, म्हणजे त्याच बूट फाइलमध्ये, स्वतःची जोड देते. ही इमेज आपल्या फोनच्या नेमक्या बिल्ड नंबरच्या फर्मवेअरमधूनच, म्हणजे कंपनीच्या मूळ प्रणालीच्या फाइलींमधूनच, काढायची. मॉडेल तेच पण बिल्ड वेगळा असेल, तर कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर जुळत नाहीत: कधी टच चालत नाही, कधी वायफाय सुरू होत नाही, कधी फोन लोगोवरच फिरत राहतो. स्वस्त फोनमध्ये तर एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपचे फोनही विकले जातात. लेखात सांगितलेली 'मॉडेलसाठी तयार फाइल' इथेच मारते. त्या फाइलमध्ये आणखी काय मिसळले आहे हेही पाहणाऱ्याला कळत नाही.

फर्मवेअर झिपमध्ये 'पेलोड डॉट बिन' असेल तर पेलोड डंपर या साधनाने त्यातून इमेज काढता येते. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनमध्ये 'इनिट बूट' नावाची वेगळी इमेज असते, तिथे ती घ्यायची. अँड्रॉइड १२ वर आलेला आणि नंतर १३ झालेला फोन मात्र जुन्याच 'बूट'वर चालतो. ही फाइल फोनमध्ये ठेवून मॅजिस्कमध्ये 'इन्स्टॉल', मग 'सिलेक्ट अँड पॅच अ फाइल'. तयार झालेली 'मॅजिस्क पॅच्ड' नावाची फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये मिळते. ती संगणकावर 'एडीबी पुल' ने आणावी. फाइल मॅनेजरमधून ओढून आणली तर मोठी फाइल वाटेत खराब होऊ शकते आणि दोष मॅजिस्कला दिला जातो. मग फास्टबूटमध्ये 'फास्टबूट फ्लॅश बूट' किंवा 'इनिट बूट' आणि फाइलचे नाव. मूळ, न बदललेली बूट इमेज संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड नंबर लिहून जपून ठेवावी. फोन अडकला तर तीच पुन्हा फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये लिहिली, की पाच मिनिटांत सुटका होते. ती नसेल तर शोधाशोध सुरू होते.

अडचणी बहुतेक ठरावीक असतात. 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' वर थांबले तर विंडोजमध्ये फास्टबूटचा ड्रायव्हर नाही. एडीबी चालले म्हणजे फास्टबूटही चालेल असे नसते. 'फ्लॅशिंग अनलॉक इज नॉट अलाउड' म्हणजे ओईएम अनलॉकिंग बंद आहे. फ्लॅश व्यवस्थित झाले पण फोन सुरूच होत नसेल, तर काही फोनमध्ये व्हीबीमेटा ही पडताळणीची फाइलही पडताळणी बंद करून टाकावी लागते, आणि त्यात डेटा पुन्हा पुसला जाऊ शकतो. एखाद्या मॉड्यूलमुळे (मॅजिस्कच्या जोड-पुरवणीमुळे) फोन अडकला तर सेफ मोडमध्ये सुरू करावा, मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करते. कंपनीचे अपडेट आले तर आधी मॅजिस्कमध्ये 'रिस्टोअर इमेजेस', मग अपडेट, आणि दोन स्लॉट (प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याच्या जागा) असलेल्या फोनमध्ये रीस्टार्ट करण्यापूर्वी 'इन्स्टॉल टू इनॅक्टिव्ह स्लॉट'. हा क्रम चुकला तर अपडेट अपयशी होते किंवा रूट जाते.

बँकांची अनेक अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून फोनची अवस्था विचारतात. नुसते बूटलोडर अनलॉक असले तरी उत्तर प्रतिकूल येऊ शकते. रूट काढून टाकल्याने ते सुधारत नाही. लपवाछपवीची मॉड्यूल आज चालतात, उद्या बंद पडतात. ज्याचे रोजचे पैशांचे व्यवहार या एकाच फोनवर आहेत त्याने तो फोन रूट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मीडियाटेकच्या फोनवाल्यांसाठी आणखी एक. एसपी फ्लॅश टूल या फर्मवेअर टाकण्याच्या साधनात 'डाउनलोड ओन्ली' आणि 'फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड' हे पर्याय एकाच यादीत शेजारी असतात. दुसरा निवडला तर एनव्हीरॅम (फोनची स्वतःची नेटवर्कची माहिती ठेवणारा विभाग) पुसली जाते आणि तिच्यासोबत फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक. फोन सुरू होतो, पण सिमला नेटवर्क मिळत नाही आणि वायफायच्या यादीत 'एनव्हीरॅम वॉर्निंग' नावाचे, प्रत्यक्षात नसलेले नेटवर्क दिसते. त्या वेळी दुसऱ्याच्या फोनचा बॅकअप टाकला तर दोन फोनचा आयएमईआय एक होतो. अनेक देशांत आयएमईआय बदलणे गुन्हा आहे. फ्लॅश टूल उघडण्यापूर्वी स्वतःच्या फोनच्या एनव्हीरॅम, एनव्हीडेटा आणि प्रोटेक्ट विभागांची प्रत घेऊन ठेवावी.

आता तो तिसरा सल्ला. बूटलोडर लॉक झाला की तो फक्त कंपनीची सही असलेली बूट इमेज स्वीकारतो. मॅजिस्कने बदललेल्या इमेजवर ती सही नसते. म्हणून रूट ठेवून लॉक केले की फोन पुढच्याच क्षणी सुरू व्हायला नकार देतो, आणि लॉक असल्यामुळे फास्टबूटमधून मूळ इमेजही टाकता येत नाही. ओईएम अनलॉकिंग बंद झालेले असेल तर पुन्हा अनलॉकही करता येत नाही, कारण तो पर्याय सुरू होणाऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये असतो. मग उरतात ती चिपच्या पातळीवरची साधने, क्वालकॉमचा ईडीएल मोड किंवा मीडियाटेकचा बूट रॉम, आणि त्यांनाही बऱ्याच फोनमध्ये कंपनीची परवानगी लागते. लॉक करायचेच असेल तर आधी त्याच किंवा नव्या बिल्डचे संपूर्ण मूळ फर्मवेअर टाकावे. जुने टाकले तर जुने फर्मवेअर नाकारणाऱ्या अँटी-रोलबॅकमुळे फोन तिथेच अडकू शकतो. मग एकदा फोन पूर्ण सुरू करून पाहावा, आणि त्यानंतरच लॉक. त्यातही डेटा पुन्हा पुसला जातो.

ही दुरुस्ती आपण पुढच्याच अंकात ठळक छापावी, ही विनंती. लेख वाचून ज्यांनी फोन रूट केला आहे आणि लॉक करण्याची पायरी अजून बाकी आहे, त्यांनी ती करू नये. ओईएम अनलॉकिंगचे बटणही चालूच ठेवावे.

आपला,
मोबाइल दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक