मंत्रिमहोदय, बाळाच्या शीचा रंग बघायला सांगा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

पत्राचा विषय तान्ह्या बाळांची शी हा आहे. मंत्रालयात तो विचित्र वाटेल, आमच्या ओपीडीत तो रोजचाच.

यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्या जन्माच्या आसपासच बंद पडतात, असा एक आजार आहे. बिलिअरी अट्रेसिया. दहा-पंधरा हजार बाळांमागे साधारण एकाला होतो. पित्त तुंबतं, यकृत कडक होत जातं आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांत जातात. एके काळी सर्जन पोट उघडायचे, जोडायला नळीच सापडायची नाही, आणि पुन्हा शिवून टाकायचे. १९५५ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात, तोहोकु विद्यापीठाच्या मोरिओ कासाई यांनी यकृताच्या तोंडाशी आतडं जोडून पाहिलं आणि पित्त वाहू लागलं. नळ्यांच्या निकामी गाठोड्यात, यकृताला लागून, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नलिका शिल्लक असतात हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत छापलं, इंग्रजी लेख यायला १९६८ उजाडलं, आणि तरीही पाश्चात्त्य सर्जन बराच काळ साशंकच होते. आज जगभर या बाळांवर आधी हीच शस्त्रक्रिया करतात.

अट एकच : ती वेळेत व्हायला हवी. ६० दिवसांच्या आत झाली तर यश चांगलं, पुढे दर आठवड्याला ते घसरतं. उशीर झालेल्या बाळासाठी यकृत प्रत्यारोपण उरतं, म्हणजे आई किंवा बापाच्या यकृताचा तुकडा आणि लाखोंचा खर्च. मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया करणारे हात आहेत. बाळ तिथवर पोचतं तेव्हा तीन-चार महिन्यांचं झालेलं असतं, ही आमची रड आहे.

असं का होतं ते सांगतो. बाळ दूध पितं, हसतं, वजनही घेतं, फक्त डोळे पिवळे. आजी म्हणते, कोवळं ऊन दाखवा. कुणी काविळीची माळ घालतं. आमच्यातलेच काही डॉक्टर 'आईच्या दुधाची कावीळ आहे, जाईल' म्हणून परत पाठवतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, रक्तात तपासलंच तर एकूण आकडा येतो. त्यातलं 'डायरेक्ट', म्हणजे पित्त तुंबल्यावर रक्तात वाढणारं, किती हे कुणी मागत नाही, आणि सगळी मेख तिथे आहे. काही बाळं तर थेट मेंदूत रक्तस्राव होऊन येतात, कारण आतड्यात पित्त नसेल तर रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही.

या सगळ्या काळात लंगोट मात्र खरं सांगत असतो. शीला रंग पित्ताने येतो; ते पोचत नसल्याने शी फिकट, खडूसारखी, आणि लघवीचा गडद पिवळा डाग. ते बघायला एमबीबीएस लागत नाही.

जपानमध्ये तोचिगी प्रांतात १९९४ पासून आईच्या हातात शीच्या रंगांचं कार्ड देऊ लागले, २०१२ पासून ते देशभरच्या माता-बाल पुस्तिकेत आलं. तैवानने २००४ पासून ते सगळ्या नवजात बाळांसाठी लागू केलं. तिथे या आजाराची पाच वर्षं जगणारी मुलं सुमारे ५६ टक्के होती, ती ८९ टक्क्यांवर गेली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक छापील कागद.

आपल्याकडे तर यंत्रणा आयती आहे. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला घरी जाऊन बघतात. दीड महिन्याची लस ४२ व्या दिवसाच्याच आसपास असते, ६० दिवसांच्या आतली शेवटची हमखास गाठ. माता-बाल संरक्षण कार्डात शीच्या रंगांचं ठळक पान घाला आणि १४ व्या दिवसापासून प्रत्येक भेटीत आशाताईंनी शी बघून नोंद करावी, असा आदेश काढा. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल, तर डायरेक्ट बिलिरुबिनच्या तपासणीसाठी रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत पाठवता यावं. आणि या नोंदीचे पैसे आशाताईंना वेगळे द्या; फुकटची कामं त्यांच्यावर आधीच पुरेशी लादली आहेत.

अधिकारी सांगतील की इतक्या थोड्या बाळांसाठी कशाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या नऊ जन्मदोषांच्या यादीतही हा आजार नाही. पण राज्यात वर्षाला पंधरा लाखांहून अधिक बाळं जन्मतात. पंधरा हजारांत एक धरलं तरी शंभरावर मुलं होतात. जागेची अडचण सांगितली, तर सरकारी पुस्तिकांवर फोटोंना जेवढी जागा मिळते तिच्या निम्म्यातही हे रंग बसतील.

छपाईत काटकसर मात्र नको. फिकट पिवळा आणि पांढरट यांतला फरक झेरॉक्समध्ये मरतो, ट्यूबलाइटखाली फसवतो. 'दिवसाच्या उजेडात बघा' हे कार्डावरच लिहावं लागेल. निविदा काढण्याआधी रंगांचा नमुना बालशल्यविशारदांना दाखवा. या कामाला आमच्यातले बरेच जण पैसे न घेता येतील, मीही येईन.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक बालरोगतज्ज्ञ