गार पडणाऱ्या रेडिएटरांबद्दल मित्रास पत्र

छत्रपती संभाजीनगर,
14 डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे मिळाली. ब्रिटनमधल्या तुझ्या घरात सकाळी रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे धातूचे फलक) तापतात, अर्ध्या-पाऊण तासाने गार पडतात, खोली मात्र सोळा अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि संध्याकाळी तेच रेडिएटर झोपेपर्यंत व्यवस्थित चालतात, असे तू लिहिले आहेस. माझ्या मते दोष कुठे आहे ते याच वाक्यात सापडते. ते पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर बदलावा लागेल असे तुला सांगण्यात आले असले, तरी त्या खर्चाचा विचार तूर्त बाजूला ठेव. जो बॉयलर संध्याकाळी तासन्‌तास चालतो, तो सकाळी बिघडलेला असणे शक्य नाही. सकाळी त्याच्यापर्यंत हुकूमच पोहोचत नाही, एवढाच याचा अर्थ होतो.

या साऱ्या गुंत्याकडे कसे पाहायचे ते आधी सांगतो. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये मोटरीला जाणारा मोठा प्रवाह वेगळा असतो आणि कॉइलला जाणारी बारीक वायर वेगळी असते. ती बारीक वायर बंदच्या बटणातून, ओव्हरलोड रिलेतून आणि टाकीतल्या फ्लोट स्विचमधून फिरून कॉइलपर्यंत येते, आणि वाटेत कुठेही तुटली की मोटर धडधाकट असूनही उठत नाही. तुझ्या घरातली मांडणी नेमकी याच जातीची आहे. रूम थर्मोस्टॅट (खोलीचे तापमान पाहून चालू-बंद होणारा स्विच) उष्णता देत नाही, प्रोग्रॅमरही (चालू-बंदच्या वेळा लावायचा स्विच) देत नाही; ते फक्त फेज, म्हणजे विजेचा जिवंत पुरवठा, पुढे सोडतात किंवा अडवतात. म्हणून प्रश्न एकच धरायचा: बॉयलरला ‘पेट’ असे सांगणारा फेज कुठून निघतो, आणि कोणाकोणाच्या हातातून जातो?

तुझ्या छायाचित्रात पंपाजवळ तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह दिसतो, म्हणजे तुझी मांडणी तिकडे ‘वाय प्लॅन’ म्हणतात ती आहे. (दोन तोंडांचे दोन वेगळे व्हॉल्व्ह असतील तर तिला ‘एस प्लॅन’ म्हणतात. ती समजायला सोपी असते, पण तुझ्या वाट्याला ती आलेली नाही.) या व्हॉल्व्हला तीन जागा असतात. त्याच्या छोट्या मोटरीला काहीच हुकूम नसेल तर त्याचा मार्ग गरम पाण्याच्या टाकीकडे उघडा असतो. रूम थर्मोस्टॅटकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरीवर फेज आला की तो मधल्या जागी येऊन थांबतो आणि पाणी टाकीकडेही जाते, रेडिएटरांकडेही. पांढऱ्यासोबत करड्या वायरीवरही फेज आला, तरच तो शेवटपर्यंत जातो आणि फक्त रेडिएटरांचा मार्ग उघडा ठेवतो. आता खरी मेख पाहा. व्हॉल्व्हच्या आतला छोटा स्विच नारिंगी वायरीतून बॉयलरला फेज देतो, पण व्हॉल्व्ह शेवटच्या जागी पोहोचल्यावरच देतो. व्हॉल्व्ह मधल्या जागी असताना तो स्विच काहीच देत नाही, कारण त्या वेळी टाकीचा थर्मोस्टॅट स्वतःच बॉयलरला चालवत असतो, असे ही रचना गृहीत धरते.

म्हणजे करड्या वायरीचे काम ‘टाकीला आता उष्णता नको’ एवढे कळवण्याचे आहे. हा निरोप तिच्यावर दोन ठिकाणांहून येतो. प्रोग्रॅमरवर गरम पाणी बंद असेल तर प्रोग्रॅमरकडून येतो, आणि प्रोग्रॅमरवर ते चालू असूनही टाकी पुरेशी तापली असेल तर टाकीच्या थर्मोस्टॅटकडून येतो. या दुसऱ्या निरोपासाठी टाकीच्या थर्मोस्टॅटला तीन वायरी लागतात: एक येणारी, एक ‘अजून तापव’ सांगणारी आणि एक ‘तापले’ सांगणारी. टाकीवरचा थर्मोस्टॅट गेल्या हिवाळ्यात बदलून घेतला असे तू लिहिले आहेस, आणि तू पाठवलेल्या छायाचित्रात नव्या थर्मोस्टॅटला दोनच वायरी जोडलेल्या असून तिसरी टेप गुंडाळून बाजूला सारलेली स्पष्ट दिसते.

आता तुझी सकाळ याच्याशी ताडून पाहा. सकाळी गरम पाणी आणि रेडिएटर दोन्ही चालू असतात. टाकी थंड असेपर्यंत तिचा थर्मोस्टॅट बॉयलर चालवतो, व्हॉल्व्ह मध्ये असतो, आणि रेडिएटरही तापतात. टाकी तापली की तो थर्मोस्टॅट बॉयलरचा फेज काढून घेतो, पण ‘तापले’ हा निरोप करड्या वायरीवर जात नाही. व्हॉल्व्ह मध्येच अडकून राहतो, नारिंगी वायर कोरडी राहते, बॉयलर विझतो, आणि खोलीतला थर्मोस्टॅट बिचारा उष्णता मागतच राहतो. संध्याकाळी प्रोग्रॅमरवर गरम पाणी बंद असते, म्हणून करड्या वायरीला फेज प्रोग्रॅमरकडून थेट मिळतो आणि सगळे सुरळीत चालते. याउलट प्रोग्रॅमरकडची वायर तुटलेली असती, तर संध्याकाळी रेडिएटर मुळीच तापले नसते. म्हणून माझा संशय त्या टेप लावलेल्या वायरीवरच आहे.

याची परीक्षा एकही झाकण न उघडता होते. सकाळी रेडिएटर गार पडू लागले आणि बॉयलर विझलेला असला, की प्रोग्रॅमरवर फक्त गरम पाणी बंद कर. रेडिएटर तसेच चालू राहू दे. थोड्या वेळात व्हॉल्व्हची घरघर ऐकू येऊन बॉयलर पेटला, तर दोष पक्का समज. टाकीचा थर्मोस्टॅट सत्तरवर नेला की रेडिएटर पुन्हा चालतात असे वहिनींच्या लक्षात आले, हे त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. टाकी पुन्हा उष्णता मागू लागते, म्हणून बॉयलर पेटतो. परंतु तो उपाय मात्र आजच बंद करा. सत्तर अंशांचे पाणी नळाला आले तर लहान मुलाचा हात क्षणात भाजतो. तो थर्मोस्टॅट साठ अंशांवर ठेवावा. त्याहून फार खालीही आणू नये, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

आता रंगांविषयी, आणि याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, कारण तू आणि मी आयटीआयमध्ये जे रंग शिकलो ते तिथे दगा देतील. आपल्या हाताला लाल, पिवळा आणि निळा म्हणजे तीन फेज, काळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा म्हणजे अर्थ, ही सवय आहे. ब्रिटनमध्ये 2004 पासून नवे रंग आले आणि 2006 पासून ते सक्तीचे झाले. त्यांत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. मात्र तीन तारांच्या नव्या केबलमध्ये तपकिरी, काळी आणि करडी अशा तारा असतात, आणि तिथली काळी तार थर्मोस्टॅटच्या कामात सर्रास फेज वाहते. त्याआधीच्या घरात लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल सापडेल, आणि जुन्या तीन तारांच्या केबलमध्ये लाल, पिवळी, निळी सापडेल, जिथे निळी तार न्यूट्रल नसते. तुझे घर जुने आहे आणि त्यात निरनिराळ्या काळी कामे झालेली आहेत, तेव्हा एकाच जंक्शन बॉक्समध्ये हे सगळे रंग एकत्र भेटतील. वाळूजच्या कारखान्यांत पॅनेलची वायरिंग करताना मी हा नियम पाळत आलो की, रंगावरून वायर ओळखायची नाही. ती कोणत्या टर्मिनलवरून निघून कोणत्या टर्मिनलवर पोहोचते यावरूनच ओळखायची. तूही तेच कर.

जंक्शन बॉक्स उघडण्यापूर्वी हीटिंगच्या स्वतंत्र स्विचजवळचा तीन अँपिअरचा फ्यूज काढून खिशात ठेव. नुसता प्रोग्रॅमर बंद केल्याने काही सुरक्षित होत नाही: पंप थोडा वेळ चालू ठेवण्यासाठी अनेक बॉयलरांना कायमचा फेज दिलेला असतो, प्रोग्रॅमर बंद असताना करड्या वायरीवर फेज असतोच, आणि फक्त पाणी तापत असताना नारिंगी वायरीवरही मागच्या बाजूने फेज आलेला असतो. टाकीत बुडवलेल्या विजेच्या हीटरचा पुरवठा तर पूर्णपणे वेगळा असतो, तोही बंद कर. खिशातल्या निऑन टेस्टरवर विसंबू नकोस. दोन टोकांचा टेस्टर घे, तो आधी चालू सॉकेटवर तपासून पाहा आणि मगच बॉक्समध्ये लाव. बॉयलरचे स्वतःचे झाकण मात्र अजिबात उघडू नकोस. तिकडे गॅसचे काम ‘गॅस सेफ’कडे नोंदणी असलेल्या माणसानेच करायचे असते, आणि तो नियम योग्यच आहे. एवढे करूनही मन साशंक असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलाव, पण ‘हीटिंग चालत नाही’ एवढेच सांगू नकोस. ‘टाकीच्या थर्मोस्टॅटची ‘तापले’ सांगणारी वायर जोडलेली नाही, म्हणून करड्याला फेज मिळत नाही’ असे सांग. म्हणजे तो नवे सामान सुचवण्याऐवजी थेट तिथे हात घालील.

वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच देतो. रूम थर्मोस्टॅट तीसवर नेल्याने खोली लवकर तापत नाही. तो फक्त कुठे थांबायचे ते ठरवतो, वेग ठरवत नाही. एकोणीस-वीसवर ठेवून वेळा प्रोग्रॅमरवर लावाव्यात. ज्या खोलीत तो थर्मोस्टॅट आहे, त्या खोलीतल्या रेडिएटरचा स्वतःचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा. नाहीतर तो रेडिएटर आधीच बंद होतो, थर्मोस्टॅटला खोली गारच वाटते आणि बाकीचे घर विनाकारण तापत राहते.

इकडे हुरड्याचे दिवस आले आहेत आणि पहाटे शेकोटीला माणसे जमू लागली आहेत. सूर्य वर आला की थंडी पळते, त्यामुळे तुमच्याकडच्या सलग महिन्यांच्या गारठ्याची कल्पना इथे बसून पुरती येत नाही. घरात लहान मूल असताना हे काम लांबवू नकोस. उद्या सकाळी ती परीक्षा करून निकाल कळव, आणि बॉक्स उघडलास तर एकही वायर सोडण्याआधी समोरून, भरपूर उजेडात त्याचे छायाचित्र काढून पाठव. मी त्यावरून प्रत्येक वायरीचा आराखडा कागदावर काढून देतो. तो बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेव.

वहिनींना नमस्कार, बाळाला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
जुना मित्र