दादाची लेव्हल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल तुम्ही वैतागून म्हणालात, "दर महिन्याला रक्त देतोच की, आता हे आणखी कसलं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

महिन्याची तपासणी पांढऱ्या पेशींची. दादाच्या मानसिक आजाराच्या गोळीने, क्लोझापिनने, त्या क्वचित फार घटतात. 1975 साली फिनलंडमध्ये त्यातून रुग्ण दगावले होते, म्हणून ती चुकवायची नाही. आता सांगितलीय ती औषधाची लेव्हल, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते. मिलिलिटरमागे 350 नॅनोग्रॅमच्या वर गुण येण्याची शक्यता वाढते, 1000 च्या पुढे फिट येण्याची भीती.

आणि आत्ताच का, तर दादाने सिगारेट सोडली! आई, तू देवापुढे साखर ठेवलीस, पण डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध भराभर संपवतं. धूर थांबला की आठवडाभरात तेवढ्याच गोळीची लेव्हल चढते, कधी दीडपटही. (हे धुराचं काम, निकोटिनचं नव्हे, तंबाखू मळून खाणाऱ्याला हा हिशोब लागू नाही.) दादा दुपारपर्यंत पेंगतो, उशीचा अभ्रा लाळेने भिजतो, ते यामुळे असू शकेल. त्याला आळशी म्हणू नका.

रात्रीची गोळी नऊला घेतली तर रक्त सकाळी नऊला, बारा तासांनी. सकाळची गोळी त्याआधी द्यायची नाही, डबीत घालून सोबत न्या आणि रक्त दिल्यावर लगेच द्या. आधी घेतली तर आकडा उगाच फुगेल आणि डोस भलत्याच हिशोबाने कमी होईल. रात्रीच्या गोळीची वेळ लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा.

दादाला वाटतंय, गोळ्या थुंकतो का ते पकडायला ही तपासणी आहे. लेव्हल अगदी कमी आली तर तोही प्रश्न निघतो, खोटं कशाला बोलू? पण इथे शंका लेव्हल जास्त असल्याची आहे, हे त्याला सरळ सांगा. आणि बाबा, तो गोळी गिळताना तुम्ही समोर उभे राहून तोंडाकडे बघता ना, ते त्याला फार लागतं.

ताप आला किंवा घसा दुखला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पोट दोन-तीन दिवस साफ झालं नाही तरीही सांगा, या औषधात ते साधं नसतं.

रिपोर्टला काही दिवस लागतील. तोवर पेंगतोय म्हणून अर्धी गोळी करणं वगैरे नको, आधी डॉक्टरांना विचारा. रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू